आज मॅच कुठे लागणार?

टॉसला दहा मिनिटं असताना गावाकडून वडिलांचा पुण्यातल्या मुलाला फोन. "अरे, ओटीपी आलाय का बघ. परत लॉगिन कर म्हणतंय." मुलगा मीटिंगमध्ये. टेबलाखालून तो आकडे पाठवतो, पण ते पोचेपर्यंत त्यांची मुदत संपलेली असते. दुसरा ओटीपी येईस्तोवर पहिली विकेट पडते.

दूरदर्शन, मग स्टार, सोनी, टेन, निओ, आणि आता ॲप. हक्क लिलावात ज्याच्याकडे जातील त्याच्यामागे प्रेक्षक निमूट जातो. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलचे हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. टीव्हीचे एकाकडे, मोबाइलचे दुसऱ्याकडे. २०२३ मध्ये जिओसिनेमाने सामने फुकट दाखवून सवय लावली. पुढे हे दोघे हक्कधारक एक झाले, २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं आणि पैसे भरायची वेळ आली.

मुलाच्या खात्यावर आईवडिलांनी मॅच पाहिली तर ती चोरी का? कंपनीच्या अटी काहीही म्हणोत, मला तसं वाटत नाही. पोटापाण्यासाठी माणसं दोन गावांत राहिली म्हणून घरं दोन होत नाहीत. टेलिग्रामवरच्या चोरट्या लिंकचं मात्र वेगळं. "एवढे कोटी कमावतात, आपल्या दीडशे रुपयांनी त्यांचं काय बिघडतंय," असं म्हणणाऱ्याच्या हातातला फोन बऱ्याचदा चांगला महागाचा असतो. ज्याला खरंच परवडत नाही, तो लिंका शोधत बसत नाही. तो टीव्हीच्या दुकानाबाहेर, हातातली पिशवी खाली न ठेवता, दोन ओव्हर उभा राहतो आणि निघतो. त्याच्या गरिबीच्या नावावर आपण आपली बचत खपवतो, हे मला जास्त खटकतं.

या माणसाचा विचार कायद्याने कधीच केला नाही असं नाही. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून वाद झाला, तेव्हा १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्या. पी. बी. सावंत होते, माहिती मिळवण्याचा प्रेक्षकाचा हक्क त्यांनी ठळकपणे मांडला. २००७ मध्ये कायदा झाला: राष्ट्रीय महत्त्वाचे सामने खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला द्यायचे. म्हणूनच आजही ज्याच्या पत्र्यावर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे, त्याला महिन्याचा हप्ता न भरता हे सामने दिसतात.

पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने ही सोय दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरतीच राहिली. दरमहा केबलचे पैसे भरणाऱ्याने तोच दूरदर्शन लावला तर तिथे भलताच कार्यक्रम चालू असतो. आयपीएल राष्ट्रीय महत्त्वाच्या यादीत नाही. मॅच आता लहरींऐवजी इंटरनेटवरून येते, तेव्हा १९९५ चं ते तत्त्व तिथे कसं लावायचं, हा प्रश्न खरं तर आपण विचारायला हवा होता. आपण विचारला नाही, कारण आपलं भागलं. कुणाला पासवर्ड मिळाला, कुणाला लिंक. आमच्या ग्रुपवर सामन्याच्या दिवशी दर पाच मिनिटांनी नवी लिंक येते. केबलवरच्या दूरदर्शनला मॅच का नाही, हे विचारणारं साधं पत्र त्यातल्या कुणी आपल्या खासदाराला लिहिल्याचं अजून ऐकलेलं नाही.