नांव आधीं कीं ओळख आधीं?

शाळेंत अलंकार कसे शिकवावे हा प्रश्न नीतीचा आहे, असें म्हटलें तर पुष्कळांस ती अतिशयोक्ति वाटेल. आणि अतिशयोक्ति हाहि एक अलंकारच असल्यामुळें तो आरोप मला विशेष शोभेलहि. परंतु गेल्या पावसाळ्यांतील एका लहानशा प्रसंगानें मला ह्या मताप्रत आणिलें आहे. तो प्रसंग प्रथम सांगतों.

आमच्या घरीं स्वयंपाकास येणाऱ्या बाईंची मुलगी आठवींत आहे. कल्याणच्या खाडीलगतच्या एका वस्तींत त्यांचें घर. परीक्षा जवळ आली म्हणून ती आपली वही घेऊन माझ्याकडे आली. वहींत लाल शाईनें दोन ओळी लिहिल्या होत्या : 'सम, समान, सारखा, जसा, वाणी' ह्यांपैकीं शब्द आला कीं उपमा, 'जणूं, जणूं काय, गमे, वाटे, भासे' ह्यांपैकीं आला कीं उत्प्रेक्षा. मुलगी हुशार. मीं दिलेल्या दहाहि वाक्यांतील अलंकार तिनें क्षणांत ओळखले. मग मीं विचारलें, "हें लिहितांना कवीला काय दिसलें असेल ग?" ती म्हणाली, "काका, तें परीक्षेंत विचारत नाहींत."

मीं मुद्दाम एक वाक्य घातलें : 'उद्यां पाऊस पडेल असें मला वाटतें.' उत्तर तयार होतें : उत्प्रेक्षा. 'ही मुलगी आईसारखी दिसते' : उपमा. दोन्ही उत्तरें लाल ओळींप्रमाणें बरोबर, आणि दोन्ही चूक. आपल्या जुन्या आलंकारिकांनीं ही चूक शेंकडों वर्षांपूर्वींच दाखवून ठेविली आहे. 'गवय गाईसारखा असतो' ह्या वाक्यांत सादृश्य आहे, सारखेपणा सांगणारा शब्दहि आहे; परंतु अलंकार नाहीं, कारण त्यांत चमत्कृति नाहीं. सतराव्या शतकांत पंडितराज जगन्नाथानें 'रसगंगाधरां'त उपमेची व्याख्या करितांना सादृश्य 'सुंदर' असावें, अशी अटच घातली. म्हणजे ज्या शास्त्राच्या नांवानें आपण ही शब्दांची यादी पाठ करून घेतों, त्या शास्त्रासच ती मान्य नाहीं. शास्त्र म्हणतें, आधीं मनाला कांहीं जाणवूं द्या. मग त्याचें नांव सांगा.

तथापि शिक्षकांवर रागावण्यापूर्वीं थोडें थांबलें पाहिजे. परीक्षेकरितां कविता वाचणें हें आजचें नाहीं. १८५४ सालीं आगगाडी कल्याणपर्यंत आली, त्याच सालीं परशुरामतात्या गोडबोल्यांचें 'नवनीत' निघालें. निवडक वेंच्यांवर मराठी मुलांना काव्य शिकविण्याची आपली परंपरा इतकी जुनी आहे. वर्गांत मुलें पुष्कळ, वेळ थोडा. आणि चमत्कृति कांहीं गुणपत्रिकेच्या रकान्यांत मोजतां येत नाहीं. शिवाय माझ्यासारख्यानें नाक मुरडणें सोपें आहे. माझ्या घरीं पुस्तकांचीं कपाटें आहेत. १८६४ सालीं स्थापन झालेलें कल्याणचें सार्वजनिक वाचनालय मला परकें नाहीं. ह्या मुलीच्या घरांत पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरें पुस्तक नाहीं. त्या दोन लाल ओळी तिला चार गुण मिळवून देतात, आणि त्या गुणांची किंमत तिच्या घरीं माझ्या घरच्यापेक्षां फार जास्त आहे.

मग दोष कोठें आहे? नियम शिकविण्यांत तो नाहीं. नियमालाच वाचन समजण्यांत आहे. ह्याचें अधिक गंभीर रूप 'ही कविता तुम्हांस कां आवडली?' ह्या प्रश्नांत दिसतें. उत्तर मार्गदर्शकांत छापलेलें असतें, आणि ज्या मुलाला कविता मुळींच आवडली नाहीं तेंहि 'मला ही कविता अतिशय भावली' असें स्वच्छ अक्षरांत लिहितें. आपण त्याला खोटें बोलूं नये म्हणून सांगतों, आणि स्वतःच्या मनाविषयीं खोटी साक्ष दिल्याबद्दल गुणहि देतों. ही खोड गरिबीची नव्हे, आपल्याच देशाची नव्हे. केंब्रिजच्या आय्. ए. रिचर्ड्स ह्यांनीं विद्यार्थ्यांना कवींचीं नांवें न सांगतां कविता वाचावयास दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ सालीं 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' ह्या ग्रंथांत प्रसिद्ध केले. उत्तम शिक्षण झालेल्या त्या तरुणांपैकीं कित्येकांना कवितेचा साधा अर्थहि लागला नव्हता. ती उणीव त्यांनीं ठराविक, ऐकीव भावनांनीं भरून काढिली होती.

आतां प्रसंगाचा उत्तरार्ध. चार दिवसांनीं ती मुलगी माझ्या मेजावरील वर्तमानपत्र चाळीत होती. कोणा पत्रलेखकानें खाडीकांठच्या वस्त्यांना 'शहराच्या अंगावरील गळूं' म्हटलें होतें, आणि तें कापून काढावें असा सल्ला दिला होता. तिनें विचारलें, "काका, इथें 'सारखा' नाहीं, 'जणूं'हि नाहीं. मग हें काय?"

मीं सांगितलें, "हें रूपक. उपमा म्हणते, ही वस्तु तिच्यासारखी आहे. उत्प्रेक्षा म्हणते, ही जणूं तीच आहे. रूपक म्हणतें, ही तीच आहे. म्हणून रूपक वाचतांना हें सारखेपण कोठपर्यंत खरें आहे, तें आपलें आपण तपासावें लागतें. गळूं कापतात, घर कापतां येत नाहीं, त्यांत माणसें असतात."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हें लिहितांना त्याला काय दिसलें असेल?" माझाच प्रश्न होता, आणि ह्या खेपेस तो परीक्षेकरितां नव्हता. उत्तरहि तिनेंच दिलें : "दुर्गाडीच्या पुलावरून पाहिलें असेल. तेथून नुसतीं छपरेंच दिसतात."

इतकें चांगलें रसग्रहण मीं महाविद्यालयाच्या उत्तरपत्रिकांतहि क्वचित् वाचलें आहे. रूपक हें नांव त्या दिवशीं तिला पाठ करावें लागलें नाहीं, कारण तिला त्याची गरज पडली होती. साहित्यशास्त्रांतल्या संज्ञा टाकून द्याव्या, असें म्हणणाऱ्यांशीं मी सहमत नाहीं तो ह्यासाठींच. नांव ठाऊक नसतें तर तिला त्या शब्दाचा नुसता घाव बसला असता. नांव कळल्यानें तो शब्द हातांत घेऊन उलटून पाहतां आला. मात्र क्रम सांभाळला पाहिजे. आधीं मोठ्यानें वाचावें, मग काय दिसतें तें विचारावें, मग सारखेपण कोठें संपतें तें शोधावें, आणि नांव शेवटीं सांगावें. आणि 'ही कविता मला आवडली नाहीं' असें जो सकारण लिहील, त्यालाहि पुरे गुण द्यावे.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. परीक्षेच्या आदल्या दिवशीं तिनें विचारलें, "उत्तर कसें लिहूं?" मीं तिला लाल ओळींप्रमाणेंच लिहिण्यास सांगितलें. तिनें तसें लिहिलें, आणि तिला गुणहि चांगले मिळाले. मीं तिला योग्य सल्ला दिला कीं नाहीं, ह्याविषयीं माझ्या मनाचें अजून समाधान झालेलें नाहीं.