गोळीला चोपडलेलं वंगण

बंदुकीच्या गोळीला वंगण लावणाऱ्या माणसाची जबाबदारी किती? चाप ओढणाऱ्याची किती, हे आपण लगेच सांगतो. हुकूम देणाऱ्याची किती, यावर वाद घालतो. पण गोळी नळीतून जरा सुळकन जावी, एवढंच ज्यानं पाहिलं त्याचं काय? प्रश्न फालतू वाटेल. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आमच्या धंद्यातली निम्मी माणसं हेच काम करतात, म्हणून मला तो फालतू वाटत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पिंपरखेडच्या बिबट्याला गोळी घालून मारलं, तेव्हा हा प्रश्न डोक्यात शिरला. गाव शिरूर तालुक्यातलं, पण वनखात्याच्या हिशोबात जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर मिळून एकच जुन्नर वनविभाग. साधारण तीन आठवड्यांत तिथं तीन माणसं गेली होती, त्यात दोन लेकरं. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. डार्ट मारून बेशुद्ध करायचा प्रयत्न फसला आणि मग नेमबाजांनी गोळी झाडली. माझं गाव जुन्नर तालुक्यातलं. गावच्या ग्रुपवर 'बरं झालं' आणि ऑफिसच्या ग्रुपवर 'त्या मुक्या जनावराचा काय दोष', असे दोन प्रवाह दिवसभर वाहत होते. मला इंजिनिअरची खोड. मी गोळीबद्दल वाचत बसलो.

रायफलच्या गोळीवर बहुतेक वेळा तांब्याचं कवच असतं. नळीच्या आत पिळदार खाचा असतात. गोळी त्या खाचांत घट्ट दाबली जात, गरागरा फिरत बाहेर पडते आणि जाताना थोडं तांबं नळीत ठेवून जाते. हा थर साचत गेला की नेम बिघडतो. तेल लावावं तर तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी भलतीकडेच जाऊ शकते. म्हणून कोरडं वंगण आलं. मॉलिब्डेनम डायसल्फाइड ही काळसर करडी पूड त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. तिच्या कणात मॉलिब्डेनमचा एक पदर गंधकाच्या दोन पदरांत मिटलेला असतो, आणि अशा थरांमधली पकड इतकी सैल की पत्त्यांच्या कॅटसारखे ते एकमेकांवरून सरकतात. ग्रॅफाइटला निसरडं राहायला हवेतली वाफ लागते. या पुडीचं उलटं आहे: निर्वातात ती उत्तम चालते, म्हणून अवकाशयानांतही वापरतात, आणि दमट हवेत तिचा निसरडेपणा कमी होतो. (नाणेघाटातला पाऊस तिला मानवणार नाही.) गंधकाची आणि गंजाची काळजी असणारे लोक बोरॉन नायट्राइडची पांढरी पूड वापरतात.

यात दोन गोष्टींनी मला थांबवलं. पहिली अशी, की घर्षण कमी झालं की नळीतला दाब कमी होतो, आणि गोळी वेगवान व्हायच्या ऐवजी थोडी हळूच जाते. मग नेमबाज काय करतात? काडतुसात दारू वाढवतात. म्हणजे झीज वाचवायला आणलेली सोय शेवटी जास्त जोर लावायच्या कामी येते. आमच्याकडेही हेच होतं. ॲपमधली एक पायरी काढली की माणसाचा वेळ वाचतो, आणि त्या वाचलेल्या वेळात आम्ही त्याच्यापुढे आणखी चार गोष्टी सरकवतो. दुसरी गोष्ट, लखलखीत पुसलेल्या नळीतून पहिली गोळी नेहमीच्या जागी बसेलच असं नाही. नळीत पूड मुरायला काही गोळ्या झाडाव्या लागतात. स्पर्धेत ते परवडतं. उसाच्या कडेला बिबट्यासमोर पहिलीच गोळी खरी असते.

वंगण हा केवळ तांत्रिक तपशील आहे, असं समजण्याची चूक इतिहासात एकदा फार महागात पडली आहे. एन्फिल्ड रायफलचं काडतूस दातानं फाडायचं असे आणि त्याला चरबी चोपडलेली असे. कुठल्या जनावराची, हा प्रश्न शिपायांनी विचारला. कारखान्याच्या दृष्टीनं चरबी म्हणजे चरबी; आमच्या भाषेत इम्प्लिमेंटेशन डिटेल. जानेवारी १८५७ मध्ये सरकारनं शिपायांना आपलं वंगण आपण लावायची मुभा दिलीही, पण तोवर संशय चरबीवरून काडतुसाच्या कागदावर गेला होता. मार्चमध्ये बराकपूर, मे महिन्यात मीरत. १८५७ च्या कारणांची यादी लांब आहे, ती एका चरबीवर संपत नाही, हे मला मान्य आहे. पण नळीत काय घातलंय हे विचारायचा हक्क ती बंदूक हातात धरणाऱ्याला आहे, एवढं त्या शिपायांनी बरोबर ओळखलं होतं.

हे सगळं मी माझ्या चुलत्यांना उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "गोळीला काय चोपडलंय त्याच्याशी मला काय करायचंय रे? एका गोळीत गेला पाहिजे. अर्धवट लागलेला बिबट्या उसात शिरला, तर तोडणीला कोण जाणार, तू?"

या वाक्यानं माझ्या प्रश्नाची निम्मी हवा गेली. मारायचंच ठरलं असेल तर नेम अचूक असणं ही जनावराशीही आणि ऊसतोड मजुराशीही राखलेली किमान नीती आहे. तिथं वंगणवाला मारेकऱ्याचा साथीदार ठरत नाही, उलट निष्काळजी वंगणवाला जास्त दोषी. म्हणजे नळीतलं घर्षण कमी करण्यात पाप नाही. माझी भीती दुसऱ्या घर्षणाची आहे, जे चाप ओढण्याच्या आधी असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११ हे तसं घर्षण आहे. पकडणं, बेशुद्ध करणं, दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटल्यावरच पहिल्या अनुसूचीतल्या जनावराला मारायची परवानगी मिळते, तीही कारणं लिहून. हा खडबडीतपणा कुणीतरी मुद्दाम ठेवलाय. गर्दीचा संताप त्यातून सुळकन जाऊ नये म्हणून.

पण या खडबडीतपणात झिजतं कोण? हिंजवडीत चौदाव्या मजल्यावर बसून मी 'प्रक्रिया पाळा' म्हणतो, तेव्हा माझं काहीच खर्च होत नाही. पिंपरखेडमध्ये बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला, उसात बिबट्याला आडोसा मिळाला आणि वस्तीवरची कुत्री-शेळ्या खायला मिळाल्या. त्या उसाची साखर आपण सगळ्यांनी खाल्ली. सोपा उपायही इथं करून झालाय. २००० नंतरच्या काही वर्षांत शेतातले बिबटे पकडून जंगलात सोडले गेले, आणि जिथं सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ते अभ्यासून लिहिलं आहे. घर्षण एका ठिकाणचं काढलं, ते दुसऱ्या गावात जाऊन बसलं. आता माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजऱ्यात म्हातारे होणारे बिबटे आहेत, तोही एक उपायच म्हणायचा.

तर, चापाआधीचं घर्षण राहावं असं मला वाटतं, पण त्याची किंमत एकट्या गावानं भरावी हे पटत नाही. शेतीची वीज दिवसा द्या, ही मागणी इथले शेतकरी गोळीच्या मागणीइतक्याच जोरानं करतात. तिच्यात रक्त नाही म्हणून ती आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर पोचत नाही. चुलत्यांची पाण्याची पाळी या आठवड्यात रात्री आहे. ते बॅटरी आणि काठी घेऊन जातात, आणि मोबाइलवर भजन मोठ्यानं लावून ठेवतात.