बुद्रुक बाजार, खुर्द पूल

इस्फहानच्या नक्श-ए-जहान चौकाच्या उत्तर टोकाला जी कैसरिया नावाची कमान आहे, तिच्याखालून आत शिरणाऱ्या बाजाराचे नाव मी एका पाटीवर अक्षराला अक्षर लावीत वाचले, आणि वाचता आल्याच्या आनंदापेक्षा ते कळल्याचेच मला अधिक नवल वाटले. नाव होते ‘बाजार-ए-बोजोर्ग’. बोजोर्ग म्हणजे मोठा, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. कारण ज्याचा जन्म एका ‘बुद्रुक’ गावात झाला आणि ज्याचे आजोळ ओढ्यापलीकडच्या त्याच नावाच्या ‘खुर्द’ गावात होते, त्याला फारशीतील थोरला आणि धाकटा हा भेद पाळण्यातच कळलेला असतो. घरापासून इतक्या दूर, जिथे माझे नाव जाणणारा एकही माणूस नव्हता, तिथे माझ्या गावाचे आडनाव मात्र कमानीवर टांगलेले होते.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. माध्यमिक शाळेतील इतिहासाच्या शिक्षकीतून निवृत्त झाल्यावर मी एकटाच इराणात गेलो, तेहरान, इस्फहान, यझ्द आणि शिराझ ही चार शहरे पायी हिंडलो, आणि तीन आठवड्यांनी परतलो. एकटा का, असे घरच्यांनी विचारले तेव्हा मी खर्चाचे कारण पुढे केले. खरे कारण निराळे होते, आणि ते मलाही तिकडे गेल्यावरच उमगले. सोबती असला म्हणजे मनुष्य आपली भाषा बरोबर घेऊन हिंडतो. परदेशातील चौकात उभा राहूनही तो मराठीतच पाहतो, मराठीतच कंटाळतो आणि भाव जास्त सांगितला म्हणून मराठीतच कुरकुरतो. एकट्याच्या तोंडाला मात्र दिवसदिवस काम नसते, आणि तोंड रिकामे राहिले की कान तीक्ष्ण होतात. मोडी कागद वाचण्याचा मला जुना नाद. त्या कागदांत पदोपदी भेटणारे फारशी शब्द मी चाळीस वर्षे डोळ्यांनी ओळखत होतो. ते माणसांच्या तोंडून ऐकण्याचा प्रसंग मात्र आयुष्यात प्रथमच येत होता.

तेहरानविषयी फार सांगण्यासारखे नाही. वाहनांची गर्दी, धूर, आणि त्या सर्वांच्या वर उत्तरेला उभा असलेला अल्बोर्झ पर्वत. पण पहिल्याच सकाळी ज्या टॅक्सीत मी बसलो, तिचा चालक दोन्ही हात सोडून बोलू लागला आणि शेजारच्या उतारूने त्याला ओरडून जी ताकीद दिली, तीत ‘फर्मान’ हा शब्द होता. मी दचकलो. फर्मान म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे मोर्तब केलेला लांबट कागद आणि तो मस्तकी धरणारा वकील उभा राहतो. इथे फर्मान म्हणजे गाडीचे सुकाणू-चक्र! बादशहाची आज्ञा जिथून निघत असे तो शब्द इराण्यांनी सरळ वाहनचालकाच्या हाती दिला आहे. दुकानात शिरलात तर ‘बेफर्माईद’, चहाचा पेला पुढे केला तर ‘बेफर्माईद’. जो तो दुसऱ्याला फर्माविण्याची विनंती करतो, आणि फर्मान काढणारा कोणीच दिसत नाही.

इस्फहानात मी सहा दिवस राहिलो, आणि अधिक राहिलो असतो. पहिल्या शाह अब्बासने 1598 साली राजधानी तिथे हलविली आणि सुमारे 560 मीटर लांब व 160 मीटर रुंद असा तो चौक आखला. एके काळी तिथे चेंडूफळीसारखा घोड्यांवरील चौगानाचा खेळ चाले, आणि त्याचे दगडी खांब दोन्ही टोकांस आजही उभे आहेत. दक्षिणेकडील शाही मशिदीचे महाद्वार चौकाला काटकोनात सरळ सन्मुख आहे. पण त्यातून आत गेले की वाट तिरकी वळते, कारण चौकाची दिशा एक आणि मक्केची दिशा दुसरी. दारातून पाहणाऱ्याला वाटते की आपण सरळ चाललो आहोत, आणि प्रांगणात आल्यावर ध्यानात येते की इमारत कधीचीच भलत्या अंशात फिरली आहे. शब्दांच्या बाबतीत मला तोच अनुभव पुढे रोज येत गेला.

त्यातला एक प्रसंग सांगतो. परदेशी बँकांची कार्डे इराणात चालत नाहीत, म्हणून मी सगळी पुंजी नोटांच्या रूपाने कमरेला बांधून हिंडत होतो. त्यात भाव बोलायचा तोमानमध्ये आणि नोटेवर छापलेला रियालमध्ये, म्हणजे प्रत्येक वेळी एक शून्य मनातल्या मनात पुसायचे. एका संध्याकाळी सी-ओ-से पुलाजवळ भाजलेली कणसे विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी मोठी नोट दिली. त्याने ती उलटसुलट करून विचारले, ‘पूल-ए-खोर्द?’ माझ्या बुद्रुक-खुर्द डोक्यात लख्ख उजेड पडला: लहान पूल! तेहतीस कमानींचा तो थोरला पूल समोर पसरलेला असताना हा गृहस्थ मला धाकट्या पुलाविषयी विचारतो आहे, म्हणजे नक्कीच वाट विचारीत असावा, असे समजून मी मोठ्या अदबीने पूर्वेकडे, खाजू पुलाच्या दिशेने, बोट दाखविले. म्हाताऱ्याने त्या बोटाकडे, मग माझ्याकडे, मग नोटेकडे पाहिले. शेजारच्या मुलाने खिशातील नाणी खुळखुळवली तेव्हा कोडे सुटले. त्यांच्या भाषेत सेतूला ‘पोल’ म्हणतात. ‘पूल’ म्हणजे पैसा, आणि ‘पूल-ए-खोर्द’ म्हणजे खुर्दा. खुर्दा हा शब्द मी लहानपणापासून वापरीत आलो होतो. तोच समोर उभा असताना त्याला ओळखले नाही, आणि ज्याला ओळखले तो भलताच निघाला.

खाजू पुलाकडे मी त्याच रात्री खरोखर गेलो. दुसऱ्या शाह अब्बासने 1650 च्या सुमारास बांधविलेल्या त्या पुलाखाली पाणी नव्हते. झायंदे रूद ही नदी आता वर्षातील बराच काळ कोरडी असते, वरच्या अंगाला धरण आणि कालवे झाले, अवर्षणे झाली, आणि पात्रात भेगाळलेली माती उरली. त्या कोरड्या कमानींच्या तळाशी मात्र पुरुषांचे घोळके जमून एकेक जण आळीपाळीने गात होता, दगड त्यांचा आवाज गोल करून परत देत होते. मला संकोचाने मागे उभा पाहून एकाने बाजूला सरून म्हटले, ‘तमाशा कोन.’ म्हणजे, बघ. ज्या शब्दाने आमच्याकडे ढोलकी, घुंगरू, फड आणि पांढरपेशांचे मुरडलेले नाक हा सगळा संसार डोळ्यांपुढे येतो, त्याचा तिकडचा अर्थ निव्वळ पाहणे एवढाच.

यझ्दला जाणाऱ्या बसमध्ये, वाळवंटाच्या कडेकडेने चाललेल्या त्या तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरांत, मी विचार करीत होतो. हे शब्द आमच्याकडे आले ते कोणत्या वाटेने? फारशी आमच्या घरात पाहुणी म्हणून आली नाही. ती बहामनी, निजामशाही, आदिलशाही अशा दरबारांच्या कचेऱ्यांतून आली. म्हणून तिचे शब्द आम्हांला भेटले ते सरकारी पोशाखात. ‘फर्याद’ म्हणजे इराणात नुसती हाक, आरोळी; आमच्याकडे ती फिर्याद होऊन न्यायालयात उभी राहिली. ‘हफ्ते’ म्हणजे आठवडा; आमच्याकडे तो सावकाराचा हप्ता झाला, आणि पुढे तर त्याचे नाव घेण्याचीही दुकानदारांना धास्ती वाटू लागली. ‘शेकस्त’ म्हणजे पराभव, मोडणे. आम्ही प्रयत्नांची शिकस्त करतो, बहुधा मोडून पडेपर्यंत करतो म्हणून असेल.

या शब्दांशी आमचे भांडणही जुने आहे. शिवछत्रपतींनी 1674 मध्ये राज्याभिषेकसमयी मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव आणि डबीराचा सुमंत केला, आणि राज्यव्यवहारकोश रचवून घेतला. त्या काळी त्यामागे राज्याच्या स्वत्वाचा प्रश्न होता, आणि तो रास्तही होता. विसाव्या शतकात माधवराव पटवर्धनांनी, म्हणजे माधव ज्यूलियनांनी, 1925 मध्ये फारशी-मराठी कोश सिद्ध केला आणि पुढे तेच भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. फारशीचा प्राध्यापक फारशी शब्द वेचून बाहेर काढू लागला, यात काहींना विसंगती दिसते. मला तशी ती फारशी दिसत नाही (पाहा, हाही शब्द किती साळसूदपणे आत शिरला, आणि याचा त्या भाषेशी संबंध नाही). कोणाला बाहेर काढायचे हे ठरविण्याइतकी ओळख निदान त्यांच्याजवळ होती. माझ्यासारख्यांनी ते शब्द राखले, पण त्यांची विचारपूस कधी केली नाही.

यझ्द हे मातीचे शहर, आणि मातीच्याच रंगाच्या त्याच्या छपरांवर वारा खाली ओढून घेणारे बादगीर नावाचे उंच मनोरे आहेत. दौलताबाद बागेतील बादगीर तेहतीस मीटरांच्या आसपास असल्याचे सांगतात. पाणी दूरच्या डोंगरातून कनातींनी, म्हणजे विहिरींच्या रांगेखालून उतरत्या भुयाराने, येते. मलिक अंबरने औरंगाबादेत केलेल्या नहरीची उजळणी त्या थंड अंधारात उभ्या उभ्या झाली. 1934 साली बांधलेल्या अग्निमंदिराला हिंदुस्थानातील पारशांनी पैसा पुरविला. पण यझ्दची खरी देणगी म्हणजे एका गल्लीच्या तोंडाशी दिसलेली पाटी: ‘दबीरस्तान’. शाळा सुटली होती, मुले दप्तर पाठीवर टाकून बाहेर पडत होती. (त्यांच्या भाषेत दफ्तर म्हणजे वही, हे मला एका मुलाने वही दाखवूनच सांगितले.) दबीरस्तान म्हणजे माध्यमिक शाळा, आणि तिथे शिकविणारा तो दबीर. ज्या पदाला महाराजांनी सुमंत हे नाव दिले, ज्याच्याकडे परराज्यांचा व्यवहार असे, ते पद मी चौतीस वर्षे, दर महिन्याच्या वेतनपत्रकावर सही करून, नकळत भूषविले होते.

शिराझला पोचेपर्यंत मला एकटेपणाची सवय झाली होती, आणि थोडा कंटाळाही. हाफीजच्या कबरीवरील आठ खांबांचा आताचा मंडप 1935 मध्ये आंद्रे गोदार या फ्रेंच वास्तुविशारदाच्या आराखड्याने उभा राहिला. या कवीला बहामनी सुलतानाने दख्खनेत येण्याचे आमंत्रण धाडले होते, तो होर्मुझपर्यंत आला, जहाजात बसला, वादळ सुटलेले पाहून उतरला आणि एक गझल पाठवून मोकळा झाला, अशी कथा इतिहासकार फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे. आणि तो फिरिश्ता मात्र लहानपणी अहमदनगरास आला तो दख्खनेतच राहिला. संध्याकाळी कुटुंबेच्या कुटुंबे तिथे येत, दगडावर दोन बोटे टेकवून पुटपुटत, मग बागेत बसून राहत.

तिथल्या एका बाकावर एक वृद्ध गृहस्थ एकटेच होते. आदल्या शहरांत शंभर वेळा विचारला गेलेला प्रश्न त्यांनीही विचारला: ‘तन्हा?’ एकटाच? मी मान डोलावली. त्यांनी मावळतीकडे पाहून, सुस्कारा टाकून, एक वाक्य म्हटले. त्यातला ‘रूजगार’ एवढाच शब्द माझ्या हाती लागला. रोजगार! माझ्या पोटापाण्याची चौकशी चालली आहे असे समजून मी पाठ केलेले उत्तर दिले: दबीर होतो, आता ‘बाजनेशस्ते’, म्हणजे सेवानिवृत्त. रूजगार म्हणजे तिकडे काळ, दिवस, जमाना, हे मला रात्री खोलीवर पटवर्धनांचा कोश उघडल्यावर कळले. ते बहुधा दिवस वाईट आल्याचे सांगत होते. बाजनेशस्ते म्हणजे अक्षरशः पुन्हा बसलेला. आमच्या गादीनशीन, तख्तनशीन यांतला ‘नशीन’ तोच. त्या क्षणी मात्र वृद्धाने माझे उत्तर गंभीरपणे ऐकून घेतले, काठी दुसऱ्या हातात घेतली, थोडे सरकून बाकावरची जागा तळहाताने झाडली आणि म्हटले, ‘बेफर्माईद.’