प्रेक्षकाला किती कळू द्यायचं?

कुठलीही कौटुंबिक मालिका घ्या. रात्रीचे दोन वाजलेत, घर झोपलंय, तरी दिवाणखान्यात मंगल कार्यालयासारखा लखलखाट! कारस्थानी काकू चोरपावलांनी येते तीही भरजरी साडीत, चेहऱ्यावर एक सावली पडू न देता. या प्रकाराची थट्टा पुष्कळ झाली आहे. तो आला कुठून, याचा विचार मात्र कमी झाला.

रोज एक भाग दाखवायचा तर रोज जवळपास तेवढं चित्रीकरण उरकावं लागतं. एकाच प्रसंगावर दोन-तीन कॅमेरे लावलेले असतात. प्रत्येक कोनासाठी दिवे हलवायला सवड नसते, म्हणून कुठूनही चालेल असा सपाट प्रकाश टाकला जातो. हे झालं वेळापैशाचं गणित. पण कौटुंबिक मेलोड्रामाला हा प्रकाश शोभतोही. दुधात काय कालवलं, कुणी, कशासाठी, हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असतं. तो थांबलेला असतो ते सुनेला कधी कळतं हे बघायला. प्रेक्षकापासून काही लपवायचंच नसेल तर सावलीचं काम काय? २००० साली सुरू झालेल्या 'क्योंकि सास भी कभी बहू थी'च्या काळात रुळलेली ती लकबही अशीच: एक वाक्य उच्चारलं जातं आणि कॅमेरा खोलीतल्या एकेका चेहऱ्यावर झेपावतो. काय घडलं यापेक्षा ते कुणी ऐकलं, याला तिथे किंमत असते.

पात्रांच्या तुलनेत प्रेक्षकाला किती माहीत आहे, यावर मालिकेचा प्रकार ठरतो, असं मला वाटतं. कॅमेरा आणि प्रकाश ते प्रमाण सांभाळतात. गुन्हेकथेत प्रेक्षकाला तपास करणाऱ्याइतकंच कळावं लागतं. 'सीआयडी'ने २००४ साली १११ मिनिटांचा एक भाग एकाच अखंड शॉटमध्ये चित्रित केला. त्यातल्या विक्रमाचंच कौतुक झालं. पण कॅमेरा न तुटता पोलिसांसोबत फिरला की प्रेक्षकाला त्यांच्या पुढे धावता येत नाही, ही गंमत मला जास्त मोलाची वाटते.

भयकथेत प्रेक्षकाला पात्रांहूनही कमी कळलं तरी चालतं. २०१६ची 'रात्रीस खेळ चाले' स्टुडिओतला सेट सोडून सिंधुदुर्गातल्या आकेरीत, एका खऱ्याखुऱ्या घरात गेली. कोकणातली जुनी घरं उतरत्या छपरांची, बेताच्या खिडक्यांची. भरदुपारीही माजघरात काळोख. निम्मी प्रकाशयोजना घरानेच करून ठेवलेली होती.

पण या माध्यमात अंधाराचा सर्वांत विचारपूर्वक वापर झाला तो गोविंद निहलानींच्या 'तमस'मध्ये, १९८८ साली, दूरदर्शनवर. छायालेखक होते व्ही. के. मूर्ती, गुरुदत्तचे कॅमेरामन. निहलानी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. सुरुवातीलाच ओम पुरींचा नथू कोंदट जागेत, मिणमिणत्या उजेडात, रात्रभर एका डुकराशी झटतो. ते खरं कशासाठी मारायचं हे त्याला ठाऊक नाही, आणि आपल्यालाही नाही. उजेड जेमतेम माणूस आणि जनावर दिसेल इतकाच. पुढे त्याच डुकरावरून दंगल उसळून शहर पेटतं तेव्हा कळतं, की त्या खोलीबाहेरचं काही न दाखवून दिग्दर्शकाने आपल्यालाही नथूच्या अज्ञानात बसवलं होतं. दंगलीची कथा कारस्थान करणाऱ्यांच्या बाजूने, लख्ख उजेडात सुरू केली असती तर ती फार तर राजकीय थरारकथा झाली असती.

म्हणून माझी तक्रार लखलखाटाबद्दल नाही. टीआरपी घसरला की प्रेमकथेत खून घुसवला जातो, हमशकल येतो, भूतही येतं. दिवे मात्र होते तिथेच राहतात. मग भीती वाटतेय हे पार्श्वसंगीताला ओरडून सांगावं लागतं. उलट टोकाला, ओटीटीवरच्या कित्येक मालिका निळसर काळोखालाच गांभीर्य समजतात. मोबाइलवर पाहणाऱ्याला त्यात नायक कुठला आणि कपाट कुठलं हेही उमगत नाही. लपवण्यासारखं काही नसताना केलेला अंधार हीसुद्धा आळशी प्रकाशयोजनाच.

रोजच्या भागाला वेळ नसतो, मान्य. पण वाहिन्या रविवारी वाजतगाजत जो महाएपिसोड दाखवतात, त्यासाठी तरी त्यांनी छायालेखकाला एक दिवस जास्त द्यावा, आणि कथेत रहस्य येणार असेल तर ते त्याला लेखकाइतकंच आधी सांगावं.