रजा कुणाच्या खिशातून?

डिसेंबर २०२५ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी वडिलांना पगारी रजा देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं खुटबाव त्यांच्याच बारामती मतदारसंघात येतं. २०१७ मध्ये हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनीही असंच विधेयक आणलं होतं. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे याचं पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. पण खुटबावसारख्या गावातून पाहिलं, तर रजा किती आठवड्यांची यापेक्षा तिचा पगार कोण देणार, हा प्रश्न मोठा वाटतो.

प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ वर नेली. निर्णय चांगलाच होता, पण सगळा पगार मालकाच्या माथी मारला गेला. दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपचा मालक मग तरुण मुलीला मुलाखतीत लग्नाचं विचारतो आणि कारण न सांगता मुलगा निवडतो. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी या दुखण्यावर बोट ठेवलं होतं. आईची विश्रांती राष्ट्राच्या हिताची आहे, तेव्हा तिचा बराचसा भार सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये कायदा झाला. भार मात्र मालकावरच राहिला.

वाट अगदीच नाही असं नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के. बाळंतिणीचे २६ आठवड्यांचे पैसे त्या सामाईक निधीतून येतात. बाई ठेवली काय, पुरुष ठेवला काय, मालकाची वर्गणी तेवढीच. अडचण एवढीच, की महिना २१,००० रुपयांच्या वर पगार गेला की कामगार या योजनेबाहेर पडतो.

वडिलांच्या रजेला आपल्याकडे आणखी एक पेच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. केंद्र सरकारी नोकरीतल्या पुरुषाला १५ दिवसांची रजा मिळते, पण बायको-बाळ सासुरवाडीला असेल तर तो ती घेऊन करणार काय? पाहुण्यासारखं जाऊन जेवून येणार! बाळंतीण सासरी परतते, आईची मदत संपते, रात्रीची जागरणं तिच्या एकटीवर येतात, तेव्हा त्याची खरी गरज असते. म्हणून ही रजा वर्षभरात कधीही, तुकड्यातुकड्याने घेता यायला हवी. स्वीडनमध्ये ४८० दिवसांपैकी ९० दिवस प्रत्येक पालकाचे राखीव असतात. त्याने घेतले नाहीत तर ते तिच्याकडे जात नाहीत, बुडतात. पुरुषाला घरी बसवायला एवढी सक्ती लागतेच, असं मला वाटतं.

आणि ज्यांना मुळात रजाच नाही त्यांचं काय? खुटबावचा हा सगळा भाग ऊसपट्टा. हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस गैरहजर राहिलं तर खाडा, म्हणजे दंड. पोट पुढे आलेली बाई मोळ्या वाहते ती खाड्याच्या धाकाने. तिला २६ आठवडे द्यायचे तर द्यायचे कुणी? मुकादमाने की कारखान्याने? दोघेही हात झटकतात.

पण गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनामागे १० रुपये आणि सरकारने तेवढेच घालायचे, असं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्यामागे हे दोन कोटी होतात. मुलांच्या वसतिगृहांसारखे खर्चही यातूनच व्हायचे, हे मान्य. तरी दिवसाला ४०० रुपये धरून २६ आठवड्यांचे ७२,८०० होतात. दोन कोटींत अशा पावणेतीनशेच्या आसपास बाळंतिणी बसतात. एका कारखान्याच्या टोळ्यांत एका हंगामात इतकी बाळंतपणं होतात का, हे महामंडळाने येत्या गाळपापासून मोजायला लागावं.