'सॉरी' कुठे म्हणायचे?

पायावर पाय पडला, सॉरी. मिस्सेला यायला उशीर झाला, सॉरी. आजीचा चष्मा फुटला, तरी मोबाईलवरची नजर न उचलता, सॉरी. हा इंग्रजी शब्द आपल्या घरात आता 'कप' आणि 'टेबल'इतकाच मराठी झाला आहे. मात्र मयताच्या घरी एखादा शिकलेला पाहुणा 'आय ॲम सॉरी' म्हणतो, तेव्हा आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. याने काय केले म्हणून हा माफी मागतो?

खरे तर पाहुण्याचेच बरोबर आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सारिग' असा होता. 'सार' म्हणजे वेदना, जखम. म्हणजे 'सॉरी'चा मूळ अर्थ 'मला दुखते आहे' असा. माफी त्यात मागाहून आली. आपले 'माफ करा' ही समोरच्याला केलेली विनंती आहे, काम त्याने करायचे. 'सॉरी'त दुखायला हवे ते बोलणाऱ्याला.

शेक्सपिअरच्या नाटकात राजाचा खून करून आलेला मॅकबेथ आपले रक्ताळलेले हात पाहतो आणि त्या दृश्याला हाच शब्द लावतो. तिथे अर्थ केविलवाणे, करुण असा. तो माफी मागत नाही. मागणार तरी कुणाची? राजा तर मेला. पुढे १९७० साली एरिक सीगलच्या 'लव्ह स्टोरी'ने तरुणांना शिकवले की प्रेमात हा शब्द उच्चारावाच लागत नाही. त्या कथेवरच्या चित्रपटाचा नायक रायन ओनील याच्याच तोंडून १९७२ सालच्या 'व्हॉट्स अप, डॉक?' या विनोदी चित्रपटात त्या वाक्याची टर उडवली गेली. लग्नाला पंचवीस वर्षे झालेले आपले वाचक कुणाच्या बाजूचे, हे विचारायला नको.

या शब्दाचे वजन खरे कळले ते ऑस्ट्रेलियात. तिथल्या सरकारांनी कित्येक दशके आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांत आणि परक्या घरांत वाढवले. त्यांत चर्चच्या संस्थाही होत्या, हे आपण लपवू नये. १९९७ साली चौकशीचा अहवाल आला. १९९९ मध्ये पंतप्रधान हॉवर्ड यांनी संसदेत 'खेद' व्यक्त करणारा ठराव आणला, पण 'सॉरी' म्हणायचे टाळले. आजच्या पिढीने जुन्यांच्या चुकांची माफी का मागावी, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत तो शब्द उच्चारला. त्या दिवशी लहानपणी घरातून नेलेली माणसे म्हातारी होऊन तिथे बसली होती, रडत होती. त्यांच्यातल्या अनेकांच्या बोलीत दुखवट्याच्या दिवसांना आणि विधींनाही 'सॉरी'च म्हणतात.

रड यांना त्या लोकांच्या घरी जाऊन खाजगीत बोलता आले असते. पण ज्या सभागृहाचे नाव घेऊन अन्याय झाला, तिथेच बोलायला हवे होते. हे वाचताना आम्हांला आमची गोष्ट आठवली. एका वर्षी सणाच्या हिशेबाच्या सभेत आम्ही उठून एका बांधवाच्या हिशेबावर शंका घेतली. चाळीसएक माणसे समोर होती. आठवड्याने पावत्या सापडल्या. पैसा न् पैसा जुळला. रविवारी चर्चच्या फाटकापाशी त्यांना गाठून आम्ही म्हणालो, "सॉरी हं." ते म्हणाले, "असू दे." पापनिवेदनातही आम्ही ते सांगितले, आणि मोकळे झालो असे समजलो.

पण ते बांधव त्यानंतर एकाही सभेला आलेले नाहीत. त्या चाळीस जणांपैकी कितीजणांना पावत्या सापडल्याचे ठाऊक आहे? फाटकापाशी तर आम्ही दोघेच होतो.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सभा आहे. सेक्रेटरींकडे आम्ही सुरुवातीची दोन मिनिटे मागितली आहेत. काल संध्याकाळी त्या बांधवांच्या घरी जाऊन, सभेला या, एवढेच सांगून आलो. कशासाठी ते त्यांनी विचारले नाही. "बघतो," म्हणाले.