तिजोरी आणि खालची पायरी

चार महिने झाले, एक प्रश्न डोक्यात बसलाय. कवितेत घालून पाहिला. कविता खोटी झाली. तिच्यात मीच शोषित, मीच विद्रोही, आणि ज्याचा पाय चिरडला तो माणूस नुसता प्रतीक होऊन बसला. फाडून टाकली. म्हणून सरळ लिहितो.

दारव्ह्याच्या बाजूला एका गावात जुन्या पेढीचा वाडा पाडायचा होता. माडीवर लोखंडी तिजोरी. ती खाली आणून टेम्पोत चढवायची, एवढंच काम. सूतगिरणीत माझा सुट्टीचा दिवस, रोज बरा देत होते, म्हणून गेलो. आम्ही पाच जण. खालच्या अंगाला आमच्या वस्तीतला मामा आणि आणखी एक. वर आम्ही तिघं, दोर धरून.

मामाची जिंदगी जिनात हमाली करण्यात गेली. रुईची दाबलेली गाठ १७० किलोची असते. ती हुकानं कलती करून ज्याला चालवता येते त्याला लोखंड शिकवावं लागत नाही. तिजोरीभोवती एक फेरी मारून मामा म्हणाला, "साडेतीनशेच्या खाली नाही हे. आधी दार काढा, आतले खण काढा, मंग पाहू."

दार निघणार नव्हतं. किल्ली शेटजीकडे, शेटजी नागपूरला.

"मंग फळ्या टाका, अन् नाडा त्या खांबाले दोन वेढे मारून सोडा."

खांब सागवानी, नक्षीचा. मुनीम म्हणाला, "खांबाचं गिऱ्हाइक ठरलं हाय. घासला त किंमत पडते. पाच-पाच जण हाय ना बाप्पा तुमी, हातानं धरा." मामानं पुन्हा एकदा सांगितलं. मुनिमानं ऐकलं नाही. आम्ही हातानं धरलं.

सातव्या पायरीला फळी सरकली. दोर तळव्यातून पळाला, कातडं घेऊन गेला, आणि मी सोडला. बाकीच्या दोघांनी धरला होता, पण तिघांचा ओढा दोघांना कुठवर पेलणार? खालचा दुसरा गडी उडी मारून बाजूला झाला. मामाच्या पाठीशी वळणावरची भिंत होती. तिजोरी दोन पायऱ्या उतरली आणि त्याच्या डाव्या पावलावर थांबली. पुढे दोन बोटं काढावी लागली.

वरून पहिला आवाज आला तो मुनिमाचा : "पायरी फुटली काय रे?"

त्याला शिव्या देणं सोपं आहे. आपल्या अंकातून आपण त्या भरपूर देतो, आणि द्याव्याच. पण आज मला दुसऱ्याच माणसाबद्दल बोलायचंय, ज्यानं दोर सोडला.

आधी वजनाचं गणित सांगतो, कारण नीतीचं गणित त्यातच आहे. जिना जितका उभा, तितकं वजन खालच्याकडे धावतं. वाड्यांचे जुने जिने तर उभेच. तसल्या उतारावर निम्म्याहून जास्त वजन सरळ खाली ओढत असतं. त्यातलं काही फळीचं घासणं खातं, उरलेलं माणसांनी झेलायचं. घरातलं कपाट दोघांनी उतरवून पाहा, खालच्याच्या छातीवर काय येतं ते कळेल. खांबाला दोरीचे दोन वेढे मारले तर घासण्यानंच इतका ओढा खाल्ला जातो की शेकडो किलोंचं ओझं एक माणूस बोटाबोटानं खाली सोडू शकतो. हे आमच्या गिरणीतल्या कुठल्याही फिटरला विचारा. म्हणजे वजन खांब घेणार होता. मुनिमानं ते खांबावरून काढून मामावर टाकलं. खांबाला गिऱ्हाइक होतं.

आता पुढचं. वरचा आणि खालचा एकाच रोजावर, एकाच कामाला. तरी वरच्याला एक गोष्ट करता येते जी खालच्याला येत नाही. वरच्याला सोडता येतं. हात पोळला, सोडला, संपलं. त्याच्यावर काही पडत नाही. खालच्याला सोडण्याची सोयच नाही. त्यानं हात काढले तरी तिजोरी त्याला सोडत नाही. "एकमेकांवर भरवसा ठेवा" असं मुकादम दोघांनाही सांगतो. पण खालच्यानं ठेवलेला भरवसा त्याच्या हाडामांसाचा असतो, आणि वरच्याचा तोंडाचा.

आपल्या अभ्यासवर्गात मी हे सगळं मांडलं. पोरं भडकली. एक म्हणाला, तू स्वतःला कशाला खातोस, दोष व्यवस्थेचा आहे. माणसाच्या पायापेक्षा खांबाचं पॉलिश महाग ठरवणारी ती. दुसरा म्हणाला, विस्तवावरून हात आपोआप निघतो तसा तुझा निघाला, त्यात नीती-अनीती कसली?

दोघांचंही खरं आहे. मला मात्र त्या रात्रीही झोप आली नाही.

मग ध्यानात आलं, मी चुकीच्या क्षणाला धरून बसलो होतो. हात सुटला तो क्षण माझा नव्हताच. माझा क्षण अर्धा तास आधीचा. मामा खांबाचं दोनदा बोलला तेव्हा मी तिथंच उभा होतो. वेढ्यांचं मला माहीत होतं. सभेत माइक धरून बोलणारा मी, मुनिमासमोर एक शब्द काढला नाही. रोज बुडेल ही भीती होती, खोटं कशाला सांगू. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. मी वर होतो. मी खालच्या पायरीवर असतो तर "वेढे मारल्याबिगर हात लावत नाही" असं म्हणून बसून राहिलो असतो. हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तेच टोचतं.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, आणि करू न दिलेलं, ते भाषण आपण सगळ्यांनी वाचलंय. त्यात नियम आणि तत्त्व यांतला फरक आहे. नियम सांगतो अमुक कर. तो पाळला की माणूस सुटला. तत्त्व विचार करायला लावतं, म्हणून कृतीची जबाबदारी करणाऱ्यावर येते. धर्माचे नुसते नियम झाले की जबाबदारी मरते, असं त्यांचं म्हणणं. मला भीती वाटते ती ही की "दोष व्यवस्थेचा" हे वाक्य आपल्यातही नियम होऊन बसतंय. ते म्हटलं की आपण सुटलो. वाक्य खरं आहे म्हणूनच ते लपायला बरं पडतं.

३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या 'मूकनायका'त त्यांनी हिंदू समाजाला मनोरा म्हटलं. एकेक जात म्हणजे एकेक मजला, आणि मजल्यांना जोडणारी शिडी नाही. माणसाला नाही, बरोबर. पण ओझं मजल्यामजल्यानं बरोबर खाली येतं, त्याला कोणी अडवत नाही. मी समजत होतो आपण तळमजल्याचे, आपल्याखाली कोण असणार? त्या जिन्यावर माझ्याखाली मामा होता. त्याची-माझी वस्ती एक, जयभीम एक, सहा डिसेंबरची मेणबत्ती एक. पण मला गिरणीचं हजेरीकार्ड आहे, मी चार पुस्तकं वाचलीत, आणि मला वरचा दोर मिळाला. कोणी ठरवून दिला नाही. मीच चटकन जाऊन धरला.

आता तिजोरीबद्दल थोडं. ती जड असते ती सोन्यानं असं लोकांना वाटतं. खरं वजन भिंतींचं. दोन पत्र्यांच्या मधे भरण घालतात, आग लागली तरी आतले कागद जळू नयेत म्हणून. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं रस्त्यावर आणून जाळली होती. कागद जळतो, आणि कागदच जमीन खातो, हे दोन्ही बाजूंना तेव्हापासून चांगलं ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यात बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिलाय. तिथंही पुरावा मागतात तो कागदाचाच. त्या तिजोरीत मामाच्या बापाचा अंगठा होता का? असेल, नसेल. आम्हाला उघडून दाखवली नाही.

गोदरेजनं १९०२ पासून तिजोऱ्या केल्या, आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतपेट्याही त्याच कंपनीनं केल्या. मतपेटी एक माणूस काखेत मारून नेतो. तिजोरीला पाच लागले आणि एकाचा पाय गेला. २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेब घटना समितीत ज्या विसंगतीबद्दल बोलले, मत सारखं आणि जगणं विषम, ती मला आता लोखंडात दिसते.

कायद्याचं विचाराल तर १९६९ चा माथाडी कायदा हमालांसाठीच झाला, पण मामाचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात इजा होईल इतकं ओझं उचलायला लावू नये असं कलम होतं. पेढी म्हणजे कारखाना नव्हे. औषधाला म्हणून मुनिमानं काही नोटा दिल्या, मोजून.

महिन्यानं मामाकडे गेलो. खाटेवर पाय वर करून बसला होता. चहा झाला. मी म्हटलं, "मामा, दोर म्या सोडला होता."

"मले माहीत हाय. वरून दोर ढिला आला का खालच्याले आधी समजते."

"मंग बोलले काऊन नाही?"

"बोलून बोटं येते काय परत?" थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याचं काही नाही रे पोट्ट्या. हात हाय, सुटते. पन म्या खांबाचं सांगतलं ना दोनदा, तवा तू खाली पाहून राह्यला होता."

त्यावर मी काही बोललो नाही. त्यानं मला माफ केलं की नाही हे मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

परवा तोच मुनीम वस्तीत आला. त्याच शेटजीच्या दुसऱ्या वाड्यात आणखी एक तिजोरी आहे, ही थोडी लहान. मी म्हटलं, खांबाला वेढे मारू देत असाल तर येतो, आणि वर कोण, खाली कोण, ते आम्ही ठरवू. तो म्हणाला, शेटले विचारून सांगतो.

अजून सांगितलेलं नाही.